फॉरवर्ड, रील, स्टेटस आणि कायदा: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत गावाचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, क्लासचा ग्रुप आणि सोयरिकीचा ग्रुप नाही असा फोन आता क्वचितच सापडेल. सल्ला विचारायला येणारी माणसं मात्र बहुतेक वेळा नको त्या गोष्टीला घाबरलेली असतात. ‘ॲडमिनला अटक होते’ या ऐकीव बातमीने झोप उडालेले काका स्वतःच्या पुतणीचा बायोडाटा, जन्मवेळ आणि मोबाईल नंबरासकट, शेकडो अनोळखी लोकांना पाठवून निर्धास्त असतात. म्हणून खरा धोका आहे तिथे खाली सविस्तर लिहिलं आहे, आणि नुसतीच भीती आहे तिथे थोडक्यात. ही माहिती सर्वसाधारण आहे. नोटीस आली असेल किंवा गुन्हा दाखल झाला असेल तर कागदपत्रं घेऊन वकिलाला भेटा.

मी तर फक्त फॉरवर्ड केलं. लिहिणारा दुसराच आहे. मग माझ्यावर गुन्हा कसा?

मजकूर कोणी तयार केला एवढंच कायदा बघत नाही, कोणी पसरवला तेही बघतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६७ मध्ये अश्लील मजकूर प्रसिद्ध करणं आणि पाठवणं या दोन्हींना शिक्षा आहे. बदनामीच्या बाबतीतही पुन्हा प्रसिद्ध करणारा सुटत नाही. २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयाने एका पुढाऱ्याला अटकपूर्व जामीन नाकारताना हेच सांगितलं, की संदेश पुढे पाठवणं म्हणजे तो मान्य करून दुजोरा देणं. ‘आलं तसं पाठवलं’ असं वर लिहिल्याने जबाबदारी संपत नाही.

एक जुनी भीती मात्र काढून टाका. कलम ६६अ, म्हणजे ‘आक्षेपार्ह’ पोस्टबद्दल अटक करणारं कलम, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं आहे. आजही कोणी त्या कलमाची धमकी देत असेल तर त्याला हे सांगा.

ग्रुपमध्ये कोणी काही टाकलं की ॲडमिनला पोलीस धरून नेतेत म्हणे?

नुसता ॲडमिन आहे म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात स्पष्ट केलं की सदस्याच्या पोस्टबद्दल ॲडमिनला जबाबदार धरायचं तर दोघांचा समान हेतू किंवा आधीच ठरलेला बेत दिसायला हवा. पोस्ट टाकण्याआधी ती तपासण्याचा अधिकार ॲडमिनकडे नसतो, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं. तरी एखाद्या मुलीचा फोटो ग्रुपवर फिरतोय, लोक त्यावर हसतायत आणि ॲडमिनही त्यात सामील आहे, तर त्याला या निकालाचा आधार मिळणार नाही. आजकाल ॲडमिनला कोणाचाही संदेश सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. तो करावा, आणि टाकणाऱ्याला बाहेर काढावं.

गुगलवर सापडलेला फोटो आहे, त्यावर कोणाचं नाव नाही. वापरला तर काय होतं?

नाव नसलं म्हणून तो बेवारस होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार निर्मिती झाली की हक्क आपोआप लागू होतो. नोंदणी सक्तीची नाही, वर्तुळातल्या ‘सी’ची खूणही लागत नाही. वेरूळच्या कैलास लेण्यावर कोणाचा कॉपीराइट नाही, पण त्या लेण्याचा कोणी सकाळच्या उन्हात काढलेला फोटो त्या छायाचित्रकाराचा आहे. तुम्ही स्वतः जाऊन काढलात तर तो तुमचा. दुकानाच्या जाहिरातीत किंवा लॉजच्या पानावर दुसऱ्याचा फोटो वापरणाऱ्यांना वसुलीच्या नोटिसा येतात, आणि त्यांना उत्तर देणं अवघड असतं.

नामदेव, जनाबाई, एकनाथांचे अभंग तर सगळ्यांचे. मग आमच्या सप्ताहाच्या व्हिडिओवर कॉपीराइट क्लेम कसा आला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्यांची चीड मला समजते. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ यांच्या शब्दांवर आज कोणाचाही मालकी हक्क नाही. कोणीही गावे, छापावे, अपलोड करावे. पण एका गाण्यात हक्कांचे थर असतात. शब्द नाथांचे असले तरी चाल विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असू शकते, आणि त्या चालीवर त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. तो सहसा कंपनीकडे असतो आणि प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकारांचा हक्क आणखी वेगळा, तो ५० वर्षांचा.

म्हणून तुमच्या गावच्या टाळकऱ्यांनी पारंपरिक चालीत म्हटलेलं भारूड सुरक्षित असतं. पण कीर्तन सुरू होण्याआधी मंडपात लागलेली भक्तिगीतांची कॅसेट मागे ऐकू आली, की यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि क्लेम लावते. शूटिंग करणाऱ्या पोरांना सांगून ठेवा: स्पीकरवरची गाणी बंद झाल्यावरच कॅमेरा सुरू करायचा.

क्लेम चुकीचाही असू शकतो. पारंपरिक चाल, तुमचेच गायक, तुमचंच रेकॉर्डिंग असेल तर हरकत नोंदवा. यूट्यूबवर त्यासाठी सोय आहे. घाबरून व्हिडिओ काढून टाकणारे फार आहेत आणि त्यामुळे लोकपरंपरेचं साहित्य उगाच गायब होतं. मला ते खटकतं.

कीर्तन आमच्या गावात झालं, मंडपाचा खर्च आम्ही केला, कॅमेरा माझा. मग महाराजांची परवानगी कशाला?

कारण कायद्याने जाहीर भाषणाचा पहिला मालक बोलणारा असतो, दुसऱ्या कोणी कार्यक्रम ठेवला असला तरी. शिवाय कीर्तनकार आणि पखवाजवादक हे कलाकार म्हणूनही संरक्षित आहेत. त्यांच्या संमतीशिवाय सादरीकरण रेकॉर्ड करून विकणं किंवा ऑनलाइन टाकणं हा भंग आहे. अनेक महाराज आनंदाने हो म्हणतात, काहींचं स्वतःचं चॅनेल असतं आणि ते नको म्हणतात. सुपारी देतानाच विचारा आणि व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून घ्या. तीस सेकंदांचा तुकडा कापून, मागचं-पुढचं वाक्य गाळून व्हायरल करणं हा तर कॉपीराइटच्याही पलीकडचा मामला आहे. अर्थ बदलला आणि समाजात तेढ वाढली तर भारतीय न्याय संहितेची, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याची, कलमं लागू शकतात.

लग्नात डीजेवर गाणी वाजवली. त्याचा व्हिडिओ टाकला तर?

वाजवणं आणि टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि लग्नाशी जोडलेले समारंभ, अगदी वरातसुद्धा, यांत गाणी वाजवण्याला सूट आहे. त्या वरातीचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकण्याला ती सूट पुरत नाही. घरच्या माणसाने इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या संगीतसंग्रहातलं गाणं रीलला लावलं तर सहसा अडचण येत नाही, कारण त्याचा परवाना कंपनीने घेतलेला असतो. मंगल कार्यालयाने किंवा साडीच्या दुकानाने जाहिरातीसाठी तेच गाणं लावलं की चित्र बदलतं. व्यावसायिक वापराचा परवाना वेगळा असतो.

लग्नाचे फोटो फोटोग्राफरचे की आमचे?

तुमचे. हे फार कमी लोकांना माहीत असतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे नवरीचा फोटो स्वतःच्या स्टुडिओच्या पानावर किंवा चौकातल्या बोर्डावर लावायचा असेल तर फोटोग्राफरने परवानगी घ्यायला हवी. काही जण बुकिंगच्या पावतीमागे बारीक अक्षरात हा हक्क आपल्याकडे ठेवतात. पावती उलटून बघा. नको असेल तर ती ओळ खोडून दोघांनी सही करा.

लातूरच्या क्लासच्या नोट्स आणि टेस्ट पेपर टेलिग्रामवर फुकट मिळतात. डाउनलोड करणं, मित्राला देणं गुन्हा आहे का?

गावाकडून येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या, दुपारच्या डब्याचा खर्च मोजणाऱ्या पोराकडे हजारो रुपयांची मॉड्यूल घ्यायला पैसे नसतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून या प्रश्नाला मी सरळ ‘हो, गुन्हा’ असं एका शब्दात उत्तर देत नाही.

स्वतःच्या अभ्यासासाठी काही पानांची नक्कल काढणं हे खासगी वापरात आणि संशोधनात बसू शकतं. कलम ५२ त्याला वाव देतं. शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने उतारे वापरण्यालाही सूट आहे. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी दावा केला होता, तेव्हा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतले भाग एकत्र करून दिलेल्या प्रती बेकायदा नाहीत असं म्हटलं. विद्यार्थ्यांच्या बाजूचा तो मोठा निकाल आहे.

पण चॅनेल काढून एखाद्या क्लासचं अख्खं मॉड्यूल, रेकॉर्ड केलेली लेक्चर्स हजारो लोकांना वाटणं, किंवा पन्नास-शंभर रुपयांना विकणं, याला त्या निकालाचा आडोसा मिळत नाही. नोट्स लिहिणारा माणूसही रात्र जागून त्या लिहितो. एकच लॉगइन दहा जणांत वापरणं हा क्लासशी केलेल्या कराराचा भंग ठरतो, आणि अनेक ॲप व्हिडिओवर विद्यार्थ्याचा मोबाईल नंबर फिरता ठेवतात, त्यामुळे लीक कोणाकडून झाली हे लगेच कळतं. सरकारी पाठ्यपुस्तकांसाठी तर या भानगडीत पडायचंच कारण नाही. बालभारतीची पुस्तकं तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. पीडीएफऐवजी तिथली लिंक पाठवा.

आता सगळ्यात गंभीर भाग. ‘उद्याचा पेपर’ म्हणून जे फिरतं त्याला हात लावू नका. नीटसारख्या केंद्रीय परीक्षांसाठी जून २०२४ पासून वेगळा कायदा लागू आहे. पेपर फोडणं आणि त्यात सहभागी होणं याला ३ ते ५ वर्षं कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. टोळीने केलं तर ५ ते १० वर्षं आणि किमान १ कोटी दंड. बहुतेक वेळा तो पेपर खोटाच असतो आणि पैसे बुडतात. क्वचित खरा निघाला, तर त्याहून वाईट.

जुन्या लेखकांची पुस्तकं स्कॅन करून वाचनालयाच्या ग्रुपवर टाकावीत का?

लेखकाच्या मृत्यूचं वर्ष बघा आणि त्यात ६० मिळवा. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत हक्क शिल्लक असतो. परभणीचे बी. रघुनाथ १९५३ साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०१४ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. नांदेडचे नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०४२ च्या अखेरपर्यंत आहे. खुल्या झालेल्या पुस्तकाचीही नवी प्रस्तावना, टीपा आणि मुखपृष्ठ अलीकडचं असू शकतं, ते स्कॅनमध्ये घेऊ नका. बी. रघुनाथांचं लेखन गावोगावच्या वाचनालयांनी नीट स्कॅन करून वाटावं, असं मला मनापासून वाटतं. कायद्याने मोकळीक दिलीच आहे.

वर्तमानपत्राची पीडीएफ रोज सकाळी ग्रुपवर येते. चालतं का?

नाही. एखाद्या बातमीचं कात्रण चर्चेसाठी टाकणं वेगळं, अख्खा अंक रोज वाटणं वेगळं. २०२० साली एका वृत्तपत्र समूहाच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला असे चॅनेल बंद करायला आणि ते चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं होतं.

आणि नवा सिनेमा?

थिएटरमध्ये मोबाईलने रेकॉर्डिंग केल्यास २०२३ च्या सुधारणेनुसार किमान ३ महिने आणि कमाल ३ वर्षं कैद आहे. दंड ३ लाखांपासून सुरू होतो आणि निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा स्टेटसला एन्ट्रीचा सीन टाकायचा मोह आवरा.

कॉपीराइटच्या गुन्ह्यात खरोखर तुरुंग होतो का?

कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी केलं नसेल तर कारणं नोंदवून कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायालयाला आहे. व्यवहारात साध्या माणसाच्या वाट्याला आधी येतं ते पोस्ट काढलं जाणं किंवा यूट्यूबचा स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर नोंदलेला इशारा. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनेल बंद होऊ शकतं, आणि त्याबरोबर वर्षानुवर्षं जमवलेले व्हिडिओही जातात. स्ट्राइक चुकीचा असेल तर प्रतिनोटीस देता येते. फक्त ती खरं नाव-पत्ता देऊन आणि खरी माहिती लिहूनच द्या.

मुलीचा बायोडाटा ग्रुपवर टाकल्याशिवाय स्थळं येत नाहीत. मग करावं काय?

बायोडाटा पाठवणं बेकायदा नाही. पण त्यावर काय काय असतं ते एकदा नीट वाचा: पूर्ण नाव, जन्मतारीख आणि वेळ, घरचा पत्ता, वडिलांची आणि मामांची नावं, नोकरीचं ठिकाण, मोबाईल नंबर, दोन फोटो. बनावट खातं उघडायला, बँकेच्या सुरक्षा प्रश्नांची उत्तरं द्यायला, मुलीचा पाठलाग करायला एवढं पुरतं. लग्न जमल्यावरही ती पीडीएफ फिरतच राहते. मूल झालेल्या बाईला ‘स्थळ पाहिजे’ म्हणून फोन येतात, आणि उत्तरं तिला द्यावी लागतात, सासरी.

ग्रुपवर टाकायचा बायोडाटा वेगळा आणि छोटा करा. त्यात शिक्षण, तालुका, वय, अपेक्षा आणि वडिलांचा किंवा भावाचा नंबर पुरे. पत्रिका, पत्ता, फोटो हे सगळं पाव्हण्यांशी बोलणं झाल्यावर एकेकाला पाठवा. फोटोवर आडवं ‘फक्त स्थळासाठी’ असं लिहा. आणि मुख्य म्हणजे मुलीला विचारा. ती सज्ञान आहे, माहिती तिची आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. घरातल्या मुलीलाही तो हक्क आहेच.

तिच्या फोटोवरून कोणी बनावट प्रोफाइल काढलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६क आणि ६६ड लागू होतात, दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद. वारंवार संपर्क करून छळणं हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली वेगळा गुन्हा.

पीकविम्यासाठी ग्रुपवर आधार, पासबुक आणि सातबारा मागतात. पाठवू का?

सातबारा हा तसाही सार्वजनिक अभिलेख आहे. आधार आणि पासबुक ग्रुपवर कधीही नाही. दुसऱ्याचा आधार क्रमांक जाहीर करायला आधार कायद्यानेच मनाई आहे, त्यामुळे गावातल्या लाभार्थ्यांची यादी आधार क्रमांकांसकट टाकणारा उत्साही कार्यकर्ताही अडकू शकतो. जिथे चालत असेल तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या, ते संकेतस्थळावर मोफत निघतं. झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात व्हॉट्सॲपवरून कागद पाठवला असेल तर काम झाल्यावर तिथल्या कॉम्प्युटरवरून तो समोर उभं राहून काढायला लावा. संकोच करू नका.

अपघाताचे, आत्महत्येचे फोटो लोक लगेच टाकतात. त्यावर काही कायदा आहे?

मृताची बदनामी करून कुटुंबाच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तो बदनामीचा गुन्हा ठरू शकतो. प्रत्येक फोटोला एखादं कलम लागेलच असं नाही. तरी कर्जापायी गेलेल्या शेतकऱ्याचा तो शेवटचा फोटो त्याच्या लेकराला शाळेच्या ग्रुपवर दिसतो, एवढं कारण मला पुरेसं वाटतं. समृद्धी महामार्गावर अपघात दिसला तर आधी ११२ ला फोन करा.

अत्याचार झालेल्या मुलीला न्याय मिळावा म्हणून आम्ही तिचा फोटो लावून मोर्चाचं बॅनर केलं. चूक आहे का?

हेतू चांगला आहे, पण ते करू नका. न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आहे. पीडित अल्पवयीन असेल तर पोक्सो कायद्याचं कलम २३ आणि बालन्याय कायद्याचं कलम ७४ हेही लागू होतं. नाव टाळून ‘अमुक गावच्या अमुक शिक्षकाची दहावीतली मुलगी’ असं लिहिलं तरी ओळख उघड होतेच. छोट्या गावात शाळेचं नाव पुरतं. मुलगी मरण पावली असली तरी बंदी उठत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. मोर्चा काढा, आरोपीच्या शिक्षेची मागणी करा, तिचं नाव आणि चेहरा मात्र बाजूला ठेवा. ‘श्रद्धांजली’ म्हणून लावलेली स्टेटसही त्यात आली.

उधारी बुडवणाऱ्याचा फोटो, चोरीचं सीसीटीव्ही ग्रुपवर टाकू शकतो ना? खरंच तर आहे.

फौजदारी बदनामीत ‘खरं आहे’ एवढं पुरत नाही. ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. उधारी वसूल करणं हे तुमचं हित आहे, लोकांचं नव्हे. वसुलीसाठी नोटीस द्या, दावा करा. सीसीटीव्हीचं चित्रण पोलिसांना द्या. ग्रुपवर ‘हाच चोर’ म्हणून टाकलेल्या फोटोमुळे निरपराध माणसाला जमावाने मारल्याचे प्रकार महाराष्ट्रात घडले आहेत. कर्ज देणारी ॲप तुमच्या फोनमधले संपर्क आणि फोटो वापरून बदनामीची धमकी देत असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्यांना त्या गोष्टींना हात लावायचाच अधिकार नाही.

माझे खासगी फोटो माझ्या संमतीशिवाय फिरतायत किंवा टाकायची धमकी मिळतेय. आता?

आधी एक गोष्ट: तुमचा गुन्हा नाही. फोटो तुम्ही स्वतः विश्वासाने पाठवला असला, तरीही नाही. काढायला दिलेली संमती ही पसरवायला दिलेली संमती नसते, असं न्याय संहितेच्या कलम ७७ मध्येच लिहिलेलं आहे. पहिल्या गुन्ह्याला १ ते ३ वर्षं, दुसऱ्याला ३ ते ७ वर्षं. शरीराचे खासगी भाग दाखवणाऱ्या चित्रणाला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६इ, आणि उघड लैंगिक चित्रणाला ६७अ, ज्यात ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. पैसे मागितले तर खंडणी वेगळी.

रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर, खात्याचं नाव, तारीख आणि लिंक दिसू द्या. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. त्या ॲपवर लगेच तक्रार करा. अशा चित्रांसाठी २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना तक्रारीनंतर २४ तासांच्या आत काढण्याचं बंधन घातलं, आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये ती मुदत २ तासांवर आणली. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सेवा फोटो तुमच्या फोनमध्येच ठेवून त्याचा डिजिटल ठसा काढते आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो अडवतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ आहे.

मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी तिथे नाव न देताही तक्रार करता येते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन. ठाण्यात ‘आमची हद्द नाही’ असं ऐकायला मिळालं तर सांगा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, खबर नोंदवून घ्यावीच लागते. घरच्यांना एक विनंती. मुलीचा फोन काढून घेऊ नका, कॉलेज बंद करू नका. शिक्षा तिलाच मिळणार म्हटल्यावर ती पुढच्या वेळी तुम्हाला सांगणार नाही, आणि धमकी देणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

कोणीतरी लहान मुलांचा अश्लील व्हिडिओ ग्रुपवर टाकला. पोलिसांना दाखवायला जपून ठेवू का?

कोणालाही पुढे पाठवू नका, दाखवायलाही नाही. सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असं साहित्य जवळ बाळगण्याबद्दलही कडक भूमिका घेतली आहे. कोणत्या नंबरवरून, कधी आला हे लिहून घ्या, लगेच पोलिसांना किंवा पोर्टलवर कळवा आणि ते सांगतील तसं करा. मुलाचा जीव धोक्यात वाटत असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

एआयने कोणाचा आवाज किंवा चेहरा लावून गंमत केली तर?

पुढाऱ्याच्या तोंडी मजेशीर गाणं घालणं आणि शेजारच्या मुलीचा चेहरा नग्न शरीरावर लावणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकाराला वर दिलेली गंभीर कलमं लागू होतात, चित्र खोटं असलं तरी. प्रसिद्ध माणसाच्या आवाजाची नक्कल करून धंदा करण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजीत सिंग यांच्या बाजूने मनाई आदेश दिला.

नवा डेटा संरक्षण कायदा माझ्या फॅमिली ग्रुपलाही लागू आहे का?

नाही. २०२३ च्या या कायद्यात घरगुती आणि वैयक्तिक वापर वगळला आहे. पण क्लास, दवाखाना, पतसंस्था, विवाह मंडळ यांनी तुमची माहिती संगणकावर गोळा केली की ते कक्षेत येतात. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. वधू-वर सूचक मंडळं चालवणाऱ्यांनी आतापासूनच जुने बायोडाटे काढून टाकायची सवय लावावी.

‘तुमच्या नंबरवरून अश्लील व्हिडिओ गेलाय, व्हिडिओ कॉलवरच अटक’ असा फोन आला.

फोन ठेवा. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर दंड मागत नाहीत. १९३० वर कळवा.

वकिलाची फी परवडत नाही. कुठे जायचं?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना ठराविक उत्पन्नापर्यंत. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठातही विधी सेवा समिती आहे. फोनवर विचारायचं असेल तर १५१००. जाताना स्क्रीनशॉटच्या छापील प्रती घेऊन जा आणि मूळ संदेश ज्या फोनवर आहे तो फोनही, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना त्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते त्या फोनवरून तयार होतं.